खारवलेले मांस, कोबी आणि मंद आच

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता शिकायला परदेशी जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घरांतल्या मुलांना ही वाट मोकळी झाली. मुले तिथे पोचतात, खोली भाड्याने घेतात आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो जेवणाचा. दिवसभर वर्ग आणि वाचनालय, संध्याकाळी कुठेतरी काम, आणि चार जणांत मिळून एक स्वयंपाकघर. अशा वेळी बरीच मुले स्लो कुकर नावाचे विजेचे भांडे घेतात. सकाळी त्यात मांस-भाजी टाकायची, झाकण लावायचे आणि बाहेर पडायचे. रात्री परत येईपर्यंत जेवण तयार.

या भांड्यात अमेरिकेत हमखास शिजणारा एक पदार्थ म्हणजे कॉर्न्ड बीफ आणि कोबी. १७ मार्चला आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिक दिन असतो, म्हणून मार्च महिन्यात तिथल्या दुकानांत या मांसाचे ढीग लागतात आणि भावही उतरतो. पदार्थ पोटभरीचा आहे, चविष्ट आहे आणि गरिबांच्या चुलीवरून आलेला आहे. पण त्यातून शरीरात मीठ किती जाते, तो कसा शिजवावा आणि कुणी खाऊ नये, हे त्या मुलांनाही ठाऊक हवे आणि इथे फोनवरून "जेवलास का, जेवलीस का" विचारणाऱ्या आई-वडिलांनाही. या अंकात तेच समजून घेऊ. सगळ्याचे सार आधीच सांगतो : मंद आच घ्यावी, खारवण्याची सवय घेऊ नये.

'कॉर्न' म्हणजे मका नव्हे

नाव ऐकून वाटते की यात मका असेल. तसे नाही. जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे कुठलाही दाणा. मिठाचे जाडे, टपोरे दाणे चोळून मुरवलेले बैला-गायीचे मांस ते कॉर्न्ड बीफ. आता कारखान्यात मांस मिठाच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवतात. त्या पाण्यात मिरी, मोहरी, धणे, तमालपत्र, लवंग असा मसाला असतो. म्हणजे मसाले आपल्या डब्यातलेच.

मिठासोबत त्यात नायट्रेट किंवा नायट्राइट नावाचा क्षार घालतात. त्याची कामे दोन. एक, बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू तो वाढू देत नाही. दोन, मांसाचा रंग गुलाबी ठेवतो. म्हणून कॉर्न्ड बीफ पूर्ण शिजले तरी आतून गुलाबीच दिसते. ते कच्चे राहिले असे समजून घाबरू नये. आणि उलटही लक्षात ठेवावे : नुसत्या रंगावरून मांस शिजले की नाही हे या पदार्थात कळत नाही.

एक गोष्ट इंग्लंडला गेलेल्या मुलांसाठी. तिथे कॉर्न्ड बीफ मागितले तर बहुधा डबाबंद, आधीच शिजवलेले, दाबून वडी केलेले मांस हातात येते. इथे ज्या अख्ख्या तुकड्याबद्दल बोलतो आहोत त्याला लंडनमध्ये सॉल्ट बीफ म्हणतात. डबाबंद मांस स्लो कुकरमध्ये आठ तास ठेवण्याची गोष्ट नाही.

ज्यांनी बनवले त्यांना मिळाले नाही

या पदार्थाचा इतिहास आपल्याला ओळखीचा वाटेल. सतराव्या-अठराव्या शतकात आयर्लंडमधले कॉर्क हे बंदर खारवलेल्या मांसासाठी प्रसिद्ध होते. १६६३ आणि १६६७ सालच्या कायद्यांनी इंग्लंडने आयर्लंडची जिवंत गुरे आपल्या देशात यायला बंदी केली. मग आयर्लंडमध्येच गुरे कापून, मांस मिठात मुरवून, लाकडी पिंपांत भरून जहाजांवर चढवले जाऊ लागले. ते इंग्रजांच्या आरमाराला गेले, कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांना गेले. पण ज्या आयरिश गरिबांच्या हातांनी हे मांस खारवले, त्यांच्या ताटात ते क्वचितच पडले. त्यांचे पोट बटाट्यावर चालले. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली. आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्या काळातही देशातून धान्य आणि गुरे बाहेर जातच होती.

त्यातली पुष्कळ माणसे न्यूयॉर्कला उतरली. बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले ते हेच शहर. आयरिश लोकांना मायदेशी डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर कोबी खायची सवय होती. न्यूयॉर्कमध्ये, खाद्य-इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे, त्यांना शेजारच्या ज्यू खाटकांकडे छातीचे खारवलेले मांस परवडले. छातीचा भाग, ज्याला आपल्याकडे खाटीक सीना म्हणतात, चिवट असतो म्हणून स्वस्त. कोबी त्याहून स्वस्त. दोन्ही एका भांड्यात तासन्‌तास शिजवले आणि पदार्थ तयार झाला. आज आयर्लंडपेक्षा अमेरिकेतच तो जास्त खाल्ला जातो.

स्लो कुकरची कुळकथाही अशीच आहे. तो बनवणारे अर्व्हिंग नॅक्सन हे शिकागोचे ज्यू संशोधक. त्यांच्या आईचे कुटुंब लिथुआनियातले. ज्यू धर्मात शनिवारी म्हणजे शब्बाथला चूल पेटवत नाहीत. म्हणून तिथल्या गावात शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत कडधान्य, मांस, बटाटे भरलेली भांडी गावच्या भट्टीत ठेवत. भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ती रात्रभर शिजत. आईने सांगितलेल्या या आठवणीवरून नॅक्सन यांनी विजेचे भांडे बनवले आणि १९४० साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले. पुढे दुसऱ्या कंपनीने ते घेऊन १९७१ साली 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. दिवसभर घराबाहेर कामाला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरले.

आपल्याकडचे वाळवण

मांस टिकवायची कला आपल्या घरांनाही नवी नाही. मांसाचे लांब पट्टे कापून, दोरीवर टाकून उन्हात वाळवलेल्या चान्या मराठवाड्यात आणि इतरत्र अनेक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिल्या आहेत, खाल्ल्या आहेत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. फ्रीज नव्हता, रोज मांस मिळायची ऐपत नव्हती. मिळाले त्या दिवशी सगळे संपवणे शक्य नव्हते. म्हणून ऊन आणि मीठ कामी आले. न्यूयॉर्कच्या गरिबाने मिठाचे पिंप वापरले, आपल्या आज्यांनी छपरावरचे ऊन वापरले.

मात्र एक फरक विसरू नये. आपल्या वाट्याला अनेकदा मेलेल्या जनावराचे मांस आले. ते खाणे ही जातीने लादलेली गोष्ट होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस खाणे सोडा असे आवाहन केले आणि गावोगाव लोकांनी ते सोडले. ते आवाहन स्वाभिमानाचे होतेच, पण आरोग्याच्या दृष्टीनेही ते योग्य होते. आजाराने मेलेल्या जनावरापासून काळपुळीसारखे भयंकर रोग माणसाला होतात. मांस कुठून आले, जनावर निरोगी होते का, हे विचारण्याची सवय तेव्हापासूनची आहे. ती आजही मोडू नये.

चिवट मांस मऊ का होते?

जनावराच्या ज्या भागाला सतत काम असते, म्हणजे छाती, मान, पाय, तिथल्या मांसात कोलॅजेन नावाचे चिवट धागे जास्त असतात. असे मांस मोठ्या आचेवर भराभर शिजवले तर ते आक्रसते आणि चामड्यासारखे होते. पण सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, पाण्यात, काही तास ठेवले की हे धागे विरघळून त्यांचे जिलेटिन होते. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते ते याच जिलेटिनमुळे. मांस दातांनी ओढावे लागत नाही, चमच्याने तुटते. म्हणून महागड्या मऊ तुकड्याला मंद आचेची गरज नसते. ती गरज असते स्वस्त, चिवट तुकड्याला. ज्यांच्या खिशात कमी पैसे होते त्यांनीच ही रीत शोधून काढली, यात नवल नाही.

स्लो कुकरमध्ये आत चिनी मातीचे जाड भांडे आणि बाहेरून विजेचे वेटोळे असते. 'लो' आणि 'हाय' अशी दोन बटणे असतात. दोन्हीवर शेवटी आतले पाणी उकळीच्या जरा खाली पोचते. फरक एवढाच की 'लो'वर तिथे पोचायला जास्त वेळ लागतो. मध्यम भांडे साधारण २०० ते ३०० वॅट वीज घेते. म्हणजे आठ तासांत दोन युनिटच्या आसपास.

कृती : परदेशातल्या खोलीत

तीन-चार जणांना दोन वेळा पुरेल एवढे हे प्रमाण आहे.

साहित्य : कॉर्न्ड बीफचा सव्वा ते दीड किलोचा छातीचा तुकडा, एक लहान कोबी, मध्यम बटाटे चार, गाजरे तीन, कांदे दोन, लसूण पाच-सहा पाकळ्या, मिरी अर्धा चमचा, धणे एक चमचा, मोहरी अर्धा चमचा, तमालपत्र दोन. मीठ अजिबात नाही.

१. मांस गोठलेले असेल तर आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्या. गोठलेला गोळा तसाच स्लो कुकरमध्ये टाकू नका.

२. पाकिटातले खारट पाणी ओतून द्या. मांस गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच तासांत दोन-तीनदा पाणी बदला. रात्रभर ठेवले तरी चालेल. वरवरचे बरेच मीठ यात निघून जाते. ही पायरी कंटाळ्याने गाळू नका. या पदार्थात आरोग्यासाठी आपल्या हातात असलेले मोठे काम हेच आहे.

३. बटाटे, गाजरे, कांदे यांचे मोठे तुकडे तळाला पसरा. मंद आचेत मुळे-कंद मांसापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून त्यांची जागा खाली, उष्णतेजवळ. त्यावर मांस ठेवा, चरबीची बाजू वर. मसाला आणि लसूण टाका. मांस जेमतेम बुडेल इतके साधे पाणी घाला.

४. झाकण लावून 'लो'वर आठ ते दहा तास किंवा 'हाय'वर पाच-सहा तास ठेवा. सारखे झाकण उघडून बघू नका. प्रत्येक वेळी आतली उष्णता जाते आणि वेळ वाढतो.

५. कोबीचे देठासकट सहा-आठ फाका करा आणि शेवटच्या एक-दीड तासात घाला. 'लो'वर असाल तर दोन तास आधी. सुरुवातीलाच घातला तर कोबीचा लगदा होतो, वास उग्र येतो आणि त्यातले क जीवनसत्त्व जवळपास वाया जाते.

६. मांसात काटा सहज शिरला की ते झाले. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्या. मग मांसाचे धागे ज्या दिशेने जातात त्याच्या आडव्या दिशेने पातळ काप करा. धाग्यांच्या दिशेने कापले तर आठ तास शिजवूनही ते चिवट लागते.

ताटात कोबी, गाजर, बटाटा निम्म्याहून जास्त आणि मांसाचे दोन-तीन काप असे वाढा. भात किंवा भाकरी-पोळीबरोबर छान लागते. पाणी मात्र चाखून बघा. खारट असेल तर रस्सा म्हणून पिऊ नका, कारण मांसातून सुटलेले मीठ त्यातच आहे.

भांडे वापरताना सांभाळायच्या गोष्टी

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. मंद आचेच्या भांड्यात अन्न हा टप्पा सावकाश ओलांडते, म्हणून थोडी काळजी लागते.

भांडे अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उरलेले अन्न दोन तासांच्या आत लहान डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. पुन्हा गरम करायचे तर गॅसवर चांगले उकळावे. स्लो कुकरमध्ये शिळे अन्न गरम करू नये, ते फार हळू तापते. 'वॉर्म' हे बटण शिजलेले गरम ठेवण्यासाठी आहे, शिजवण्यासाठी नाही. आपण घरी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर मन कठोर करून ते अन्न टाकून द्यावे.

राजमा खाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो आणि स्लो कुकरची उष्णता तो मारायला अपुरी पडू शकते. चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय या भांड्यात घालू नये.

मुले सुटीत येताना भांडे घरी आणतात. अमेरिकेतली वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. अमेरिकेतला स्लो कुकर नुसता प्लग बदलून इथे लावला तर जळेल, आगही लागू शकते. इंग्लंड-आयर्लंडमधला व्होल्टच्या दृष्टीने चालतो, पण त्यालाही योग्य प्लग हवा आणि वायरिंग धड हवे. वस्तीत एका बोर्डावरून पाच वायरी ओढलेल्या असतात, तिथे रात्रभर कुठलेही तापणारे भांडे लावून झोपू नये. आणि मांस मात्र बॅगेत आणू नका. गोमांस भारतात आणायला बंदी आहे.

मीठ : खरा धोका

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी, वरण, भाकरी, लोणचे, पापड, वेफर्स सगळे आले. शिजवलेल्या १०० ग्रॅम कॉर्न्ड बीफमध्ये जवळपास अडीच ग्रॅम मीठ असते. म्हणजे चार-पाच काप खाल्ले की दिवसाचा निम्मा वाटा संपला.

जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. कळतो तेव्हा कधी अर्धांगवायूचा झटका आलेला असतो, कधी हृदयविकाराचा, कधी मूत्रपिंड निकामी होत आलेले असते. घरातला कमावता माणूस असा अंथरुणाला खिळला की सगळे घर खिळते. पोरांची फी थांबते, कर्ज उभे राहते. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा.

दुसरा मुद्दा कर्करोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे खारवलेले, धुरी दिलेले, नायट्राइट घातलेले मांस, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. साधे लाल मांस 'बहुधा कर्करोग करणारे' या खालच्या गटात आहे. पहिल्या गटात तंबाखूही आहे, म्हणून काहींनी दोन्ही सारखेच घातक असे लिहिले. ते चूक आहे. गट एकच याचा अर्थ पुराव्याची खात्री सारखी. धोक्याचा आकार सारखा नव्हे. तंबाखूचा धोका कितीतरी मोठा आहे. संस्थेचा हिशेब असा : रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. 'रोज' हा शब्द इथे महत्त्वाचा. वर्षातून दोन-चारदा सणाला खाणे वेगळे आणि स्वस्त मिळते म्हणून दर आठवड्याला दोन किलो आणणे वेगळे.

हे मांस कुणी टाळावे? ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, पायांवर सूज येते, त्यांनी. लहान मुलांनाही याची चटक लावू नये. गरोदर बाईने खाल्लेच तर अगदी थोडे आणि वाफाळते गरम असतानाच खावे.

आणि कुणी शोरा म्हणजे सोऱ्याचा क्षार आणून घरी मांस मुरवायचा प्रयोग करू नये. त्याचे प्रमाण थोडे चुकले तरी रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते.

आपल्या घरी, आपल्या कुकरमध्ये

हा पदार्थ इथे जसाच्या तसा करायची गरज नाही, आणि तो करताही येणार नाही. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद होती. २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही. ज्या घरात ते खाल्ले जाते त्यांनी परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. बाकीच्यांना बकऱ्याचे मटण आहेच. सीना, नळी, मान हे स्वस्त भाग मागून घ्या. न खारवलेल्या ताज्या मांसात नायट्राइट नसते आणि मीठ आपल्या हातात राहते.

अर्धा किलो मांसाला दोन कांदे, आले-लसूण, अर्धा चमचा हळद, थोडी मिरी-धण्याची भरड, दोन तमालपत्रे आणि चहाचा फक्त एक सपाट चमचा मीठ घ्या. कढईत फार तेल ओतू नका, मांसाला स्वतःची चरबी आहे. तीन-चार पेले पाणी घालून कुकरमध्ये पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. मटणाला वीस-पंचवीस मिनिटे, म्हशीच्या मांसाला अर्धा-पाऊण तास. कुकर आपोआप निवू द्या. मग उघडून बटाटा, गाजर आणि कोबीच्या फाका घाला आणि झाकण नुसते वर ठेवून दहा-बारा मिनिटे शिजू द्या. आठ तासांचे काम तासाभरात होते आणि गॅसही वाचतो. चूल असेल तर मातीच्या भांड्यात निखाऱ्यावर दोन-तीन तास ठेवा. चव वेगळीच येते. इथला रस्सा टाकू नका, तो खारट नाही आणि भाज्यांचे सत्त्व त्यात उतरलेले आहे.

अर्धा किलो मांसात एक अख्खा कोबी घातला की सहा माणसांचे घर नीट जेवते. मांसातले लोह शरीराला लवकर लागू पडते. डाळी-पालेभाज्यांतले लोह शोषायला क जीवनसत्त्वाची मदत होते, ते कोबीतून आणि वरून पिळलेल्या लिंबातून मिळते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळले. तेव्हा भांड्यातले मांसाचे तुकडे आधी पुरुषांच्या ताटात आणि उरलेला रस्सा बायकांना, ही रीत बंद झाली पाहिजे. समतेची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातूनच व्हायला हवी.

मांस न खाणाऱ्या घरांनी याच रीतीने भिजवलेले हरभरे किंवा चवळी वापरावी. कोबीबरोबर तीही छान लागते.

हाच नियम आपल्या घरातल्या इतर खारट पदार्थांना लावा. सुके बोंबील, खारा मासा, सुकट धुऊन, गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मगच कालवणाला घ्या, आणि कालवणात वरून मीठ घालण्याआधी चाखून बघा. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, पाकिटातला चिवडा एकाच ताटात एकत्र येऊ देऊ नका. ताटात मिठाची वाटी ठेवायची सवय मोडा. जिभेला दोन-तीन आठवडे अळणी वाटते, मग सवय होते.

प्रमाणाची गोष्ट

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची एक गोष्ट येते. राजा एका वेळी द्रोणभर भात खात असे आणि जेवून धापा टाकत भगवान बुद्धांना भेटायला येत असे. बुद्धांनी त्याला भात सोड असे सांगितले नाही. प्रमाण ओळखून खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात, असा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते वचन पाठ करायला सांगितले आणि रोज जेवताना तो ते म्हणत असे. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला, शरीर हलके झाले आणि त्याने समाधानाने बुद्धांचे आभार मानले.

परदेशातल्या आपल्या लेकरांनाही एवढेच सांगायचे आहे. कॉर्न्ड बीफ हे सणाचे जेवण आहे, ते सणालाच ठेवा. मांस भिजवा, पाणी बदला, वरून मीठ घालू नका, कोबी भरपूर घाला. एरवी त्याच भांड्यात ताजे मांस, डाळ, भाज्या शिजवा. आज रात्री फोन येईल तेव्हा जेवलास का एवढेच विचारून थांबू नका. काय जेवलास, त्यात मीठ किती होते, हेही विचारा.

जय भीम.